वडगावची लढाई आणि इंग्रजी फौजेचे बुणगे

पुण्याहून मुंबईकडे जाताना देहूरोडनंतर बेगडेवाडी लागते, आणि पुढे तळेगाव व वडगाव. राघोबादादांस पुण्यास नेऊन कारभारावर बसविण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज इ. स. १७७९ च्या जानेवारीत तळेगावास पोहोचली. बेगडेवाडीची बाजू तिने पाहिली नाही. पुणे तेथून अवघे अठरा मैल होते. मराठ्यांच्या या यशाचे श्रेय महादजी शिंदे व नाना फडणीस यांस दिले जाते, व ते रास्तच आहे. तथापि निकाल लागला तो फौजेमागून चालणाऱ्या बैलांच्या तांड्यावर, याकडे फारसे लक्ष जात नाही.

फौज सुमारे ३,९०० आणि ओझ्याचे बैल १९,००० हून अधिक! भोरघाटात गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. तोपर्यंत दाणागोटा, दारूगोळा, राहुट्या सारे बैलांच्या पाठीवर. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या सुमारे आठ मैलांस अकरा दिवस लागले. मराठ्यांनी समोरासमोरचे युद्ध टाळून बाजूंनी छापे घातले, तळेगाव स्वतःच जाळले, आणि कोकणात स्वार धाडून मुंबईची वाट तोडली. आजारी पडल्यामुळे सेनापतिपद सोडून निघालेल्या कर्नल इगर्टनला वाट बंद म्हणून छावणीत परतावे लागले.

तळेगावी इंग्रजांजवळ अठरा दिवसांची शिधासामग्री शिल्लक होती. म्हणजे माघार उपासमारीने घडली नाही. फौज पुण्यापर्यंत मुसंडी मारील, परंतु एवढी गुरे व एवढे सामान राखणे अशक्य, असे नवा सेनापती कॉकबर्न याचे मत पडले. हे मत भित्रेपणाचे म्हणून नंतर निंदिले गेले. पण मराठ्यांचा सारा डाव या एका वाक्यात ओळखलेला आहे.

अशा लटांबरास मराठीत ‘बुणगे’ म्हणत. हा शब्द फारसी ‘बुनगाह’शी जोडला जातो. ‘बाजारबुणगे’ ही आज निव्वळ शिवी उरली आहे. तिच्या मुळाशी लष्करी अनुभव आहे, हे विसरले गेले. उलट कार्ल्यास ४ जानेवारीला पडलेला कप्तान स्टुअर्ट ‘इष्टुर फाकडा’ होऊन लोकांच्या तोंडी राहिला. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी इकार घेणारी ही घडण ‘इस्कूल’मध्येही दिसते. शत्रूच्या नावास ‘फाकडा’ हे गौरवाचे पद जोडणारी बोली त्याच्या बुणग्यांना मात्र नाव ठेवून मोकळी झाली.

११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून व साठा जाळून इंग्रज गुपचूप मागे फिरले. पहाटेपूर्वीच आघाडीवर गोळीबार झाला. सामान लुटले गेले. पिछाडीस कप्तान हार्टले झुंजत राहिला. फौज वडगावात शिरली व तेथेच वेढली गेली. जानेवारीच्या मध्यास झालेल्या तहात १७७३ पासून घेतलेला साष्टीसह मुलूख परत देण्याचे ठरले. वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानला नाही. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध थांबले, आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.