लायटरची जागा

गाडीतलं चार्जिंगचं सॉकेट बदलून घ्यायला कुणी आलं, की जुनं काढून मी आधी त्याच्या हातात देतो. सुमारे २१ मिलीमीटर रुंदीची नळी, तळाशी पॉझिटिव्ह, सगळी भिंत निगेटिव्ह. मोबाइलला इतकं ऐसपैस कशाला हवं? ही जागा मुळात सिगारेट पेटवायची.

सुरुवातीच्या लायटरला लांब वायर असे, ती ओढून तोंडापर्यंत न्यायची. १९२१ साली अमेरिकेत जोशुआ मॉरिस यांना बिनवायरच्या लायटरचं पेटंट मिळालं आणि १९२५-२६च्या सुमारास तिथल्या गाड्यांत लायटर कारखान्यातूनच बसून येऊ लागला. आपण पाहिलेला, आपोआप बाहेर येणारा लायटर त्यानंतरचा. तो आत दाबला की तळाच्या पट्ट्या त्याला धरतात. या पट्ट्या दोन वेगळ्या धातूंच्या जोडाच्या. कॉइल लाल झाली की त्या तापून वाकतात, पकड सुटते, स्प्रिंग लायटरला बाहेर ढकलते. ना टायमर, ना वेगळा स्विच! इतकं नेटकं काम मी गाडीत दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे सिगारेट मागे पडली, पण डॅशबोर्डवर बारा व्होल्ट, जाड वायर आणि फ्यूज तयारच होते. मोबाइल आला, टायरमध्ये हवा भरायचा पंप आला, सगळे तिथेच घुसले. वीज घेण्यासाठीच बनवलेलं, १२ मिलीमीटरचं घट्ट सॉकेट युरोपात होतं; बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवर ते दिसतं. तेच सगळीकडे यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. लायटरच्या नळीत पिन सैल बसते. खड्ड्यात हादरा बसला की ती हलते, संपर्क तुटतो, तापून प्लास्टिक वितळतं. झाकण नसेल तर एखादं नाणं आत पडून शॉर्ट होतो. म्हणून सॉकेट बंद पडलं तर आधी फ्यूज बघावा. पुष्कळदा तेवढंच गेलेलं असतं. उडाला म्हणून मोठ्या अँपिअरचा मात्र घालू नये, वायर जळते.

जुन्या गाडीचा लायटर हौसेनं जपणाऱ्यांना एक सांगणं आहे. हल्लीच्या नुसत्या चार्जिंगच्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्या बहुधा नसतात. त्यात लायटर दाबून धरला, तर तो आपला आपण सुटणार नाही, तापतच राहील. दुकानात लायटरचंच सॉकेट मागावं आणि आतल्या पट्ट्या बघूनच पैसे द्यावेत.