दार केव्हा लावावे? : दूषित हवा आणि आपली मुले

कपाशीची वेचणी आटोपत आली की अमळनेरच्या आसपासच्या शिवारांत पऱ्हाट्या पेटू लागतात. जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू आणि सरकीची धूळ उडत असते, वीटभट्ट्या धगधगत असतात आणि रस्त्यांवरची माती वाहनांमागे धावत असते. त्यातच थंडीच्या पहाटे वारा पडतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी रचना होते. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा उबदार थर धुरावर बसतो व धूर वर जाऊ शकत नाही. नेमक्या याच वेळी मुले शाळेला निघतात, मैदानावर कवायत करतात किंवा रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पायी येतात. अशा सकाळी मुलांना बाहेर पाठवावे की घरात ठेवावे, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावे? प्रश्न साधा वाटतो. त्याचा इतिहास मात्र साधा नाही.

वाईट हवेने माणूस आजारी पडतो, ही समजूत फार जुनी आहे. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. पुढे रोगजंतूंचा शोध लागला आणि वैद्यकाने उलट दिशा धरली. क्षयाची भीती असलेल्या मुलांना कोंदट घरांतून बाहेर काढा, असा उपदेश होऊ लागला. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ साली अशा मुलांसाठी झाडांखाली भरणारी शाळा निघाली व तिचे अनुकरण अनेक देशांनी केले. त्या पिढीच्या दृष्टीने घर म्हणजे धोका आणि मोकळी हवा म्हणजे औषध होते. ते चुकीचे नव्हते. परंतु ती मोकळी हवा स्वच्छ असेल, हे त्यांनी गृहीत धरले होते.

हे गृहीत किती महाग पडू शकते, हे अमेरिकेतील डोनोरा या गावाने १९४८ साली दाखविले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील नदीकाठचे हे सुमारे चौदा हजार वस्तीचे गाव पोलाद व जस्ताच्या कारखान्यांवर जगत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस दरीत दाट धुके साचले व कारखान्यांचा विषारी धूर त्यात अडकला. तरीही सर्व संतांच्या सणापूर्वीची मुलांची हॅलोविनची मिरवणूक २९ तारखेला निघाली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या संघाचा फुटबॉलचा सामनाही झाला. प्रेक्षकांना चेंडू धड दिसत नव्हता. ३१ तारखेला जस्ताचा कारखाना थंड करण्यात आला आणि पाऊस आला, तोवर वीस माणसे दगावली होती व हजारो आजारी पडली होती. डोनोराचे लोक निष्काळजी होते काय? नाही. धूर त्यांच्या सवयीचा होता. धूर म्हणजे रोजगार, असे समीकरण मनात बसले होते. आम्हा अमळनेरकरांना हे समजणे कठीण जाऊ नये. प्रताप मिलने आणि १९४५ साली येथेच स्थापन झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याने या गावातील कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली. धुराडे थंडावले तर पोटाचे काय, ही चिंता येथेही खरीच होती.

चार वर्षांनी, १९५२ च्या ५ ते ९ डिसेंबरला लंडन शहर धुरकट धुक्यात बुडाले. प्रारंभीच्या अंदाजानुसार सुमारे चार हजार माणसे मरण पावली. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या पाच दिवसांचा हिशेब तेथेच संपला नाही. आयुष्याच्या पहिल्या वर्षी ते धुके ज्यांच्या श्वासात गेले, त्यांच्यात बालपणी दम्याचे प्रमाण अधिक आढळले, असा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे कारण बालकाच्या देहरचनेत आहे. मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक वेगाने श्वास घेते, धावताना तोंडाने हवा ओढते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात.

लॉस एंजेलिस शहराने यातून एक धडा घेतला. १९५५ साली तेथे धोक्याच्या इशाऱ्यांची पद्धत सुरू झाली. पुढील दशकांत, इशारा आला की शाळा मुलांची मैदानी कवायत बंद करू लागल्या. शाळा चालू राहत असे, फक्त धावणे थांबत असे. आकड्यावरून निर्णय घेण्याचा हा आरंभकाळ होता. पण तेवढ्याने फुप्फुसे वाचली नाहीत. दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ साली सुरू झाला, त्यात २००४ पर्यंत स्पष्ट झाले की, अधिक दूषित गावांतील मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. मात्र २०१५ साली त्याच संशोधकांनी आनंदाची वार्ता दिली : हवा सुधारली तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली. म्हणजे दार लावणे हा तात्पुरता उपाय आणि हवा सुधारणे हा खरा.

आपल्या देशात हवेविषयीचा कायदा १९८१ साली झाला. सामान्य माणसाला समजेल असा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ साली सुरू झाला. शून्य ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा त्याच्या सहा पायऱ्या आहेत. ‘मध्यम’ हा शब्द फसवा आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्या पायरीवरच श्वासाचा त्रास संभवतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. हवेच्या राष्ट्रीय मानकात न बसणारी महाराष्ट्रातील जी शहरे त्यात घेतली आहेत, त्यांत आपले जळगावही आहे.

दिल्लीत तर शाळा बंद करणे हे २०१६ नंतर हिवाळ्याचे नित्याचे कार्य झाले. तेथील २०२४ च्या नोव्हेंबरमधील प्रसंग प्रत्येक पालकाने वाचण्याजोगा आहे. १८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने बारावीपर्यंतचे सर्व वर्ग प्रत्यक्ष न भरवण्याचे आदेश दिले. आठवडाभरातच, २५ तारखेला, न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने या निर्बंधाचा फेरविचार करण्यास संबंधित आयोगाला सांगितले. कारणे विचार करायला लावणारी होती. शाळा बंद झाल्याने अनेक मुलांचे दुपारचे जेवण बुडत होते. कित्येकांकडे घरून शिकण्याची साधने नव्हती. आणि हवा शुद्ध करणारी यंत्रेही सर्वांच्या घरी नव्हती, म्हणून घरी बसलेले मूल आणि शाळेत गेलेले मूल यांच्या श्वासात फारसा फरक पडणार नव्हता.

या प्रश्नाचा गाभा येथेच आहे. ‘मुलांना आत ठेवा’ असे आपण म्हणतो, तेव्हा आतली हवा बरी आहे, असे धरून चालतो. शार्लोटेनबुर्गच्या मंडळींनी बाहेरच्या हवेविषयी जसे गृहीत धरले होते, तसेच हे. कर्क स्मिथ या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक होता. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस पुष्कळ घरी पोहोचवला, तरी सिलिंडर संपला की काड्या आणि गोवऱ्या पुन्हा पेटतात. वीटभट्टीवरच्या मजुराच्या लेकराला तर लावायला दारच नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हवेच्या प्रदूषणाची झळ विशेषतः गरिबांना बसते असे सांगताना स्वयंपाकाच्या धुराचाही उल्लेख केला, तो म्हणूनच यथार्थ आहे.

मग निर्णय कसा करावा? निर्देशांक १०० च्या आत असेल तर मुलांना निःशंकपणे खेळू द्यावे. मैदानापासून तोडलेले मूलही दुबळेच होते. १०० ते २०० असेल तर दमा असलेल्या मुलाची धावपळ कमी करावी व त्याचे औषध जवळ ठेवावे. २०० च्या पुढे कवायत व सामने पुढे ढकलावेत किंवा दुपारी, धुराचे झाकण उठल्यावर घ्यावेत. ३०० च्या पुढे सर्वच मुलांचे मैदानी खेळ थांबवावेत. ४०० ओलांडल्यास मुलांना आतच ठेवावे, पण त्या ‘आत’मध्ये चूल, उदबत्ती, विडी आणि डासांची कॉइल पेटलेली नसावी. शाळा बंद ठेवण्याची वेळ आलीच, तर जे मूल शाळेतल्या खिचडीवर अवलंबून आहे, त्याच्या ताटाची सोय त्याच दिवशी व्हावी.

हा आकडा मात्र आपल्या गल्लीचा असेलच असे नाही. जळगाव अमळनेरहून ५०-६० किलोमीटरवर आहे. तेथील आकडा आपल्या शेजारी पेटलेल्या शेताविषयी काही सांगत नाही. अशा वेळी डोळे, नाक आणि मुलाची ओळख हीच साधने उरतात. नेहमीचे दूरचे झाड दिसेनासे झाले, घशात खवखव सुरू झाली, रात्री मूल खोकत उठले, तर आकड्याची वाट पाहू नये. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले आणि छात्रालयातील मुलांची आईच्या मायेने सेवा केली. ज्याला प्रत्येक मूल असे ठाऊक असते, त्याला कोणाला आज मैदानावर पाठवू नये हेही उमगते. हे काम शिक्षकाचे, पालकाचे आणि धर्मगुरूचेही आहे. डोनोरात ते कोणाचेच नव्हते, म्हणून मिरवणूक निघाली.

आणि एवढे करूनही अर्धेच काम झाले, हे विसरू नये. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचे तुकडे करून खत करता येते. पालापाचोळा पेटवण्याऐवजी कुजवता येतो. दार केव्हा लावावे, हे आज आपल्याला ठरवावेच लागेल. ते कमी वेळा लावावे लागेल अशी हवा मुलांना देणे, हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. आणि ते अशक्य नाही, ही ग्वाही कॅलिफोर्नियातील मुलांच्या वाढत्या फुप्फुसांनी दिली आहे.