स्टोन, बार्टन वॉरन

(२४ डिसेंबर १७७२ – ९ नोव्हेंबर १८४४). अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ या पंथाच्या संस्थापकांपैकी एक. जन्म मेरिलंडमधील पोर्ट टोबॅकोजवळ. नॉर्थ कॅरोलायनात शिक्षण घेऊन तो १७९६ मध्ये केंटकीच्या सरहद्दीवरील केन रिज व कॉन्कॉर्ड या प्रेसबिटेरियन मंडळ्यांत उपदेशक झाला. १७९८ मध्ये दीक्षा घेताना, वेस्टमिन्स्टरचे श्रद्धापत्र बायबलशी जुळेल तेवढेच मान्य, अशी अट त्याने घातली. पुढील संघर्षाचे बीज या अटीतच होते.

ऑगस्ट १८०१ मध्ये केन रिज येथे भरलेल्या प्रभुभोजनाच्या मेळाव्यास दहा ते पंचवीस हजार लोक जमल्याचे अंदाज आहेत. त्या वेळी जवळच्या लेक्सिंग्टन शहराची वस्ती दोन हजारांहूनही कमी होती. प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट व बॅप्टिस्ट उपदेशक एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी प्रवचने करीत; श्रोते थरथरत, मूर्च्छित पडत. पंथभेद न पाहता होणारे हे परिवर्तन पाहून, देवाने मोजक्यांनाच तारणासाठी निवडले आहे, हे कॅल्व्हिनपंथी मत स्टोनला अग्राह्य वाटले. याच सुमारास त्याने आपल्याकडील गुलामांनाही मुक्त केले.

१८०३ मध्ये पाच उपदेशकांनी केंटकीच्या धर्मसभेशी संबंध तोडून ‘स्प्रिंगफील्ड प्रेसबिटरी’ स्थापिली; परंतु हीदेखील मनुष्यनिर्मित संस्थाच, हे जाणवून २८ जून १८०४ रोजी त्यांनी मृत्युपत्राच्या रूपातील एका जाहीरनाम्याने ती विसर्जित केली व केवळ ‘ख्रिस्ती’ हे नाव धारण केले. आपलीच संस्था आपल्या हाताने मोडण्याचे असे उदाहरण विरळाच. तथापि त्या पाचांपैकी दोघे शेकर पंथात गेले, दोघे प्रेसबिटेरियनांकडे परतले. स्टोन मात्र ठाम राहिला.

१८२६ मध्ये त्याने क्रिश्चन मेसेंजर हे नियतकालिक सुरू केले. १८३२ च्या आरंभी लेक्सिंग्टन येथे त्याचे अनुयायी व अलेक्झांडर कँबेलचे अनुयायी एकत्र आले. बाप्तिस्मा व पंथाचे नाव यांविषयी दोघा नेत्यांत मतभेद होतेच. स्टोनच्या काही मंडळ्या या ऐक्यापासून अलिप्त राहिल्या. पंथभेद मिटविण्याच्या खटपटीतून अशा रीतीने एक नवा पंथच उभा राहिला आणि १९०६ च्या धार्मिक गणनेत त्यातूनही ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ स्वतंत्रपणे नोंदविण्यात आले.

मिसूरीतील हॅनिबल येथे त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी नंतर केन रिज येथे पुरण्यात आल्या. तेथील ओंडक्यांचे जुने प्रार्थनागृह १९५७ मध्ये बांधलेल्या दगडी वास्तूच्या आत जतन केलेले आहे.