ग्राम स्वच्छता अभियान : तपासणी समिती गावात आल्यावर नेमकं काय बघते?

तपासणीची तारीख कळली की गावोगावी एकच चित्र दिसतं. वेशीवर कमान, शाळेच्या भिंतीवर ताजी घोषवाक्यं, झाडांच्या बुंध्याला गेरू-चुना, लेझीम पथक, फेटे. समिती गाडीतून उतरते, फेटे बांधण्यात पाऊण तास जातो, आणि मग गावफेरी सुरू होते. गुण मात्र फेट्याला नसतात. निकाल लागला की पारावर चर्चा होते, "आमचं गाव एवढं चकाचक होतं, तरी मागं कसं पडलं?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

राज्यात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं. तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. आधी अनुदान आणि मग काम, ही नेहमीची रीत इथे उलटी केली गेली. गावाने श्रमदान आणि लोकवर्गणीतून काम करायचं, बक्षीस नंतर. गाडगेबाबांची पद्धतही तीच होती. गावात आले की दिवसभर खराटा आणि रात्री कीर्तन. अभियानातल्या स्पर्धेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वच्छ ग्राम स्पर्धा म्हणतात. जिल्हा परिषद गट, जिल्हा, विभाग, राज्य अशी तिची चढण आहे. शिवाय वसंतराव नाईक, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आबासाहेब खेडकर यांच्या नावाने विशेष पुरस्कार आहेत. म्हणजे सगळ्याच बाबतीत पहिलं न येणाऱ्या गावालाही एखाद्या कामावर संधी असते.

गुणांची वाटणी वेळोवेळी बदलते, त्यामुळे चालू वर्षाचा गुणतक्ता ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडून, मागून घ्या. मुख्य विषय मात्र फारसे बदलत नाहीत : पिण्याचं पाणी, शौचालयं, सांडपाणी, घनकचरा, घर आणि परिसराची स्वच्छता, वैयक्तिक स्वच्छता आणि लोकसहभाग. यातल्या बहुतेक गोष्टी आठ दिवसांत उभ्या करता येत नाहीत. चुना आठ दिवसांत लागतो, शोषखड्डा वर्षभर चालवावा लागतो.

पाणी : शेवटच्या नळाशी खरी परीक्षा

जाणकार तपासणीस टाकीजवळच्या नळाकडे जात नाही, तो गावाच्या शेवटच्या टोकाचा नळ विचारतो. तिथे ओ.टी. टेस्ट होते. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन तिथपर्यंत पोहोचतंय. रंगच नाही आला, तर टीसीएल पावडर पडत नाही, कमी पडतेय, नाहीतर मध्ये कुठेतरी पाईप फुटलाय. टोकाच्या नळाला निदान ०.२ पीपीएम क्लोरीन शिल्लक असायला हवं.

पावडर ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, आणि १,००० लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम पुरते. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तिचा जोर जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं टीसीएलचं पोतं दिसलं की तपासणीसाला पुढचं सांगावं लागत नाही. पावडर टाकल्याची रोजची नोंदवहीसुद्धा बघतात. सगळ्या पानांवर एकाच पेनाची एकाच दिवशी केलेली नोंद लगेच ओळखू येते.

स्रोताच्या आजूबाजूची स्वच्छता आणि धोका पाहून आरोग्य विभाग गावाला कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं मध्यम, हिरवं चांगलं. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड आणि जलजन्य साथ नाही, तर चंदेरी. तुमच्या गावाचं कार्ड कुठलं, हे ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. समिती त्यांना बोलावते आणि करून दाखवा म्हणते. किट खोक्यातून बाहेरच निघालं नसेल तर तिथेच कळतं.

सांडपाणी : बहुतेक गावं इथेच अडतात

साधा हिशेब करा. नळयोजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखलेली असते. २,००० लोकवस्तीच्या गावात रोज १ लाख १० हजार लिटर पाणी येतं, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी धुणं, भांडी, आंघोळ होऊन बाहेर पडतं. म्हणजे जवळपास ८८ हजार लिटर, रोज. नळ घरोघरी आला, पण हे पाणी कुठे जाणार याचा विचार बऱ्याच गावांत झालाच नाही. ते गल्लीत साचतं, डास होतात, शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं होतात.

उघडं गटार बांधलं की काम झालं असं वाटतं. ते पाणी फक्त एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ढकलतं, आणि दुसरी गल्ली बहुतेक वेळा गावाच्या सखल बाजूची असते. शक्य असेल तिथे प्रत्येक घराचं पाणी त्याच घराजवळ जिरवणं बरं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने हेच केलं. घरोघरी मॅजिक पिट घेतले आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. पुढे हाच प्रकार नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला जाऊ लागला. खड्डा घ्यायचा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची, भोवती दगड-विटांचे तुकडे भरायचे आणि पाणी आधी जाळीतून, मग टाकीत सोडायचं. केस, खरकटं जाळीत अडतं, गाळ टाकीत बसतो आणि पाणी बाजूने मुरतं. जाळी मात्र नियमित साफ करावी लागते. नाहीतर खड्डा तुंबतो आणि मग "या योजना अशाच असतात" म्हणून सोडून दिला जातो. काळ्या चिकण जमिनीत पाणी हळू मुरतं, तिथे खड्डा मोठा लागतो किंवा दोन-चार घरांचा मिळून सामूहिक खड्डा बरा पडतो. शौचालयाचं पाणी यात अजिबात सोडायचं नाही.

पैशाचं कारण इथे फारसं टिकत नाही. रोजगार हमीतून शोषखड्डे घेता येतात. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. तो तुमच्या गावात कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

शौचालय, उकिरडा आणि कचरा

शौचालयाचं दार उघडून आत बघतात. भांडं ओलं आहे का, पाण्याची बादली आहे का, की आत गोवऱ्या, सरपण आणि जुनी सायकल? कडी गंजलेली आणि उंबऱ्यावर जाळी म्हणजे वापर नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा असतो. तो भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा, आणि त्यातून कोरडं, वास नसलेलं सोनखत निघतं. बरेच गवंडी दोन्ही खड्डे एकदम जोडून टाकतात. मग दोन्ही एकदमच भरतात आणि घर पुन्हा उघड्यावर जातं. निर्मल ग्राम पुरस्कार घेतलेली अनेक गावं पुढे घसरली. बांधकाम मोजलं गेलं आणि वापर मागे राहिला, हे त्याचं एक मोठं कारण. आताच्या स्वच्छ भारत मिशनमध्ये म्हणूनच उदयोन्मुख, उज्ज्वल, उत्कृष्ट अशा पायऱ्या आहेत. 'उत्कृष्ट'साठी कचरा आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेबरोबर गाव नजरेलाही स्वच्छ दिसावं लागतं.

उकिरड्याचा विषय नाजूक आहे. रस्त्याकडेचा उकिरडा हलवा म्हटलं की तीन पिढ्यांचा हक्क निघतो. सरपंचाला मतं सांभाळायची असतात. पण उकिरडा म्हणजे घाण नाही, खत आहे, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. प्रश्न जागेचा आणि पद्धतीचा आहे. आपल्याच विदर्भातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी तयार केलेली नाडेप पद्धत यावर चांगली चालते. विटांचं, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेलं, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकं. त्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत खत तयार. थोड्या शेणात भरपूर खत होतं, हा त्याचा मोठा फायदा.

घंटागाडी फिरते, ओला-सुका वेगळा घेते, आणि गावाबाहेर ओढ्यात दोन्ही एकत्र ओतते, असंही घडतं. म्हणून तपासणीस गाडीच्या मागोमाग जातो. सुक्या कचऱ्यातलं प्लॅस्टिक कुठल्या भंगारवाल्याला दिलं, त्याची पावती आहे का, हे विचारतो. राज्यात प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना मार्च २०१८ची आहे, तरी तपासणीच्या दिवशी समितीला पाणी प्लॅस्टिकच्या पेल्यात देणारी गावं आजही आहेत!

मागची गल्ली आणि मळ्यातल्या वस्त्या

मुख्य रस्ता, शाळा, अंगणवाडी, मंदिर हा ठरलेला मार्ग असतो. यजमान समितीला त्याच मार्गाने नेतात. चांगली समिती मध्येच वळते. दलित वस्ती, गावकुसाबाहेरची पालं, मळ्यातली घरं, ऊसतोड मजुरांच्या खोप्या : तिथे पाणी आहे का, शौचालय आहे का, गाडी जाते का? या वस्त्या वगळून गाव सुंदर ठरत असेल तर ती स्पर्धा फक्त एका आळीची झाली. आमच्या मते गुणतक्त्यात याला आहे त्यापेक्षा जास्त वजन असायला हवं.

तसाच प्रश्न झाडणाऱ्या हातांचा. लोकसहभाग म्हणून फोटोत पुढारी खराटा धरतात. रोजचं काम मात्र बचत गटाच्या बाया आणि एक-दोन सफाई कामगार करतात. कामगाराला हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळतो का, हे त्यालाच बाजूला घेऊन विचारणारा तपासणीस क्वचित भेटतो.

माझी वसुंधरा : इथे मोबाईल आणि कागदही लागतो

२ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेलं माझी वसुंधरा अभियान पर्यावरण विभागाचं आहे. त्यात पंचतत्त्वांवर गुण मिळतात. भूमीत झाडं, कचरा आणि जैवविविधता, वायूत हवा, जलात पाण्याची साठवण आणि सांडपाणी, अग्नीत सौरऊर्जा, एलईडी, बायोगॅस, आणि आकाशात जनजागृती. आधी पुरावे संकेतस्थळावर चढवायचे, मग प्रत्यक्ष पाहणी. काम उत्तम पण फोटो आणि नोंद नाही म्हणून मागे पडलेली गावं आहेत. लावलेली झाडं मोजताना जगलेली मोजा. लोक जैवविविधता नोंदवही असेल तर ती गावातल्या जाणत्या माणसांसोबत एकदा वाचून बघा. शेजारच्या तालुक्यातल्या वनस्पती जशाच्या तशा उतरवलेल्या सापडल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

समिती येण्याआधी महिनाभर एक साधा उपाय करता येतो. शेजारच्या गावातल्या दोन बाया आणि दोन माणसं बोलवा, हातात गुणतक्ता द्या आणि एकटं फिरू द्या. आपल्या डोळ्यांना सवयीची झालेली घाण पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत दिसते. ते काय म्हणाले ते ग्रामसभेत वाचून दाखवा, कुणाचं नाव न घेता.

आणि निकालानंतर गुण कुठे कापले हे कळत नसेल, तर गुणपत्रिका मागता येते. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जात "आमच्या ग्रामपंचायतीच्या तपासणीची बाबनिहाय गुणपत्रिका आणि समितीचे शेरे" एवढंच आणि स्पर्धेचं वर्ष लिहा.