रावढळचा पेन्शनर आणि महाडचे लोकल बोर्ड

तलवार म्यान केलेला शिपाई पुढे नगराच्या कारभारात शिरतो, ही इतिहासात अपूर्व गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली स्टॅनविक्सच्या किल्ल्याच्या बचावात नाव कमावलेला मॅरिनस विलेट पुढे न्यूयॉर्कचा शेरीफ झाला आणि १८०७ साली त्या शहराचा महापौर. त्या काळी तेथील महापौर मतदानाने निवडला जात नसे, त्याची नेमणूक होत असे. पण विलेट खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या शेजारी बसण्याने आपण बाटू, असे कोणाच्या मनातही आले नाही. रणांगणावरील पराक्रमाची पुण्याई त्याला नगरसभेत कामास आली.

आपल्याकडे असाच एक शिपाई एका लहानशा तालुक्याच्या बोर्डावर नेमला गेला, तेव्हा काय घडले, हे सांगण्यासाठी हा लेख. त्याचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावी, महार कुटुंबात झाला. त्या काळी कोकणातील महार तरुणाला गावकीच्या वेठीतून सुटण्याची एकच खरी वाट होती, ती म्हणजे इंग्रजांची पलटण. मुंबई सैन्यात महारांची भरती पूर्वापार होती. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावास उभारलेल्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी २२ नावे कोरलेली आहेत. ती सारी महार शिपायांची. पलटणीने या माणसांना पगार दिला आणि गणवेश दिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिने त्यांना अक्षरओळख दिली. पलटणीच्या शाळेत शिपायांची मुले शिकत. गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तो शिपाई छावणीत नकाशा वाची, हुकूम लिहून घेई आणि हाताखालच्या माणसांना कवायत शिकवी.

१८८६ साली गोपाळबाबा सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहू लागले. दापोली ही जुनी छावणी. तिच्या आसमंतात महार व चांभार पेन्शनरांची वस्तीच झालेली होती. पुढे सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत राहिले, हे वाचकांस ठाऊक असेलच. या पेन्शनरांची अवस्था मोठी विलक्षण होती. खिशात सरकारी पेन्शन, हाती वाचता येणारे वर्तमानपत्र, अंगी शिस्त. आणि अंगातला गणवेश उतरताच पुन्हा तेच पाणवठे बंद, तेच देऊळ बंद, तीच गावकुसाबाहेरची जागा. दापोलीच्या शाळेत या पेन्शनरांच्या मुलांना वर्गात घ्यावे की ओटीवर बसवावे, यावरूनही तंटा उभा राहिला. वीस-पंचवीस वर्षे सरकारची चाकरी केलेल्या बापाला आपले मूल ओटीवर बसलेले पाहून काय वाटत असेल, ते ज्याचे त्याने ताडावे.

गोपाळबाबांनी लेखणी हाती घेतली. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. ‘दीनबंधू’ व ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ पुढे आले. त्यात त्यांनी उच्चवर्णीयांस २६ प्रश्न विचारले. ही पद्धत मला मोठी मार्मिक वाटते. उपदेश ऐकून सोडून देता येतो. प्रश्नाचे तसे नसते. तो उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहतो. दापोलीस त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी या संस्थेचीही स्थापना केली.

अशातच सैन्याचेच दार बंद झाले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जातीच तेवढ्या लढवय्या, असे ठरविण्याचे धोरण या सुमारास बळावले, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. ज्या एका वाटेने माणूस वर येऊ शकत होता, ती मिटली. १८९४ साली गोपाळबाबांनी या अन्यायाविरुद्ध पेन्शनरांच्या वतीने सरसेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला. त्यात आपल्या लोकांच्या सैनिकी चाकरीचा दाखला होता आणि आपण मूळचे क्षत्रिय, असा दावाही होता. ‘अनार्य’ हे नाव संस्थेला देणारा मनुष्य अर्जात क्षत्रियत्व सांगतो, ही विसंगती अभ्यासकांच्या नजरेस येतेच. मला तिचे फारसे नवल वाटत नाही. बंद दारावर थाप मारणारा माणूस कोणत्या हाताने थाप मारायची, याचा विचार करीत बसत नाही.

आता लोकल बोर्डाकडे वळू. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि जिल्ह्यांबरोबर तालुक्यांनाही बोर्डे मिळाली. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा अशी नित्याच्या जगण्याला भिडणारी कामे त्यांच्याकडे आली. काही सभासद निवडून येत, काही सरकार नेमी. मतदानाचा हक्क मालमत्तेवर अवलंबून असल्याने अस्पृश्य माणूस निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. १८९५ साली सरकारने महाड तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबांची नेमणूक केली.

बोर्डातील उच्चवर्णीय सभासद नाराज झाले. वर्तमानपत्रांतून वाद माजला. वरकरणी वाद एका खुर्चीचा होता, पण तिची किंमत दोन्ही बाजूंनी बरोबर ओळखली होती, असे म्हटले पाहिजे. ज्या सभेत तालुक्याच्या विहिरींचा विचार व्हायचा, त्या सभेत विहिरीला हात लावू न दिला जाणारा माणूस सभासद म्हणून बसणार होता. आज अल्लीपूरसारख्या गावात एखादा निवृत्त फौजी ग्रामपंचायतीला उभा राहिला तर चावडीवर चर्चा होते ती त्याच्या पॅनेलची. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींच्या जागांना राज्यघटनेचाच आधार दिला आहे. महाडला त्या वेळी असा कोणताच आधार नव्हता. होती फक्त एका पेन्शनराची छाती.

१९०० साली रावढळ येथे गोपाळबाबांचे निधन झाले. त्यांच्या नात्यातील रमाबाई तेव्हा लहानगी होती; पुढे १९०६ साली तिचा विवाह रामजी सुभेदारांचे पुत्र भीमराव यांच्याशी झाला.

महाडची कहाणी मात्र तेथे थांबली नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, ते कागदावर. नगरपालिका आणि तालुका बोर्ड या संस्था वेगळ्या, पण गाव तेच आणि पाण्याचा प्रश्नही तोच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. तळ्याचे पाणी अस्पृश्यांना निषिद्ध नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. गोपाळबाबांची बोर्डावर नेमणूक झाली त्याला तेव्हा ४२ वर्षे उलटली होती. महारांची स्वतंत्र रेजिमेंट उभी राहण्यास मात्र १९४१ साल उजाडावे लागले.