लीलावतीतील दशायुधे आणि फिरता घन

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ची (इ.स. 1150) अखेर 'अंकपाश' प्रकरणाने होते. दहा हातांच्या शंभूने पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूल इत्यादी दहा वस्तू हातांची अदलाबदल करून धरल्या, तर त्याच्या मूर्ती किती, असे त्यात विचारले आहे. उत्तर येते 36,28,800. चतुर्भुज हरीच्या गदा, चक्र, कमळ आणि शंख यांच्या मूर्ती मात्र केवळ 24. संध्येत केशवापासून घेतली जाणारी चोवीस नावे मूर्तिशास्त्रात याच चोवीस रचनांशी जोडलेली आहेत. आपल्या जुन्या घरांतून ती नावे रोज उच्चारली गेली. त्यामागचे गणित फारसे कोणी सांगितले नाही.

बुडापेस्टचे वास्तुशास्त्रज्ञ एर्नो रुबिक यांनी 1974 मध्ये फिरता रंगीत घन घडविला. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे प्रत्येक कडेला दोनच खण असलेला घन. त्याचा एक कोपरा स्थिर मानला, तर उरलेले सात कोपरे 5,040 प्रकारे मांडता येतात आणि त्यांची तोंडे 729 प्रकारे वळतात. गुणाकार होतो 36,74,160. शंभूच्या मूर्तींहून अवघ्या 45,360 ने अधिक!

असे सादृश्य दिसले की 'हे सारे आपल्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह होतो. मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना तो जरा अधिकच होतो. चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात (इ.स. 1207) भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे नमूद आहे, आणि ते आठवले की आमचाही ऊर भरून येतो. तरीही भेद स्पष्ट सांगितला पाहिजे. शंभू कोणतीही वस्तू कोणत्याही हातात घेऊ शकतो. घनाचे मात्र चार कोपरे एकदमच हलतात. सौंसरची घरे मोजणे निराळे आणि त्या प्रत्येक घरून किती वळणांत पांढुर्ण्याच्या स्टेशनावर पोचता येते हे काढणे निराळे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंकपाशात आहे. दुसरा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही.

तो सोडविण्यास साधा घरगुती संगणक पुरतो. जुळलेल्या घनापासून आरंभ करावा. तीन बाजू प्रत्येकी तीन प्रकारे फिरतात, म्हणजे एका चालीत नऊ नव्या स्थिती मिळतात. दोन चालींच्या अंतरावर 54, तीन चालींच्या अंतरावर 321. प्रत्येक स्थितीपुढे तिचे अंतर नोंदवीत जावे आणि नोंदलेली स्थिती पुन्हा घेऊ नये. नवव्या फेरीत 18,87,748 स्थिती, म्हणजे निम्म्याहून अधिक, एकदम सापडतात. अकराव्या फेरीत 2,644 उरतात आणि यादी संपते. कितीही गुंतलेला असो, हा घन अकरा चालींत सुटतोच.

तीन खणांच्या घनापुढे मात्र ही रीत चालत नाही. त्याच्या स्थिती 4,32,52,00,32,74,48,98,56,000 आहेत. लीलावतीतील अठरा स्थाननामे परार्धाला थांबतात. ही संख्या 432 परार्धांच्या पुढे जाते. एवढी यादी ठेवणार कुठे?

येथे डार्मस्टाट येथील हर्बर्ट कोसिएम्बा या शिक्षकाने 1992 च्या सुमारास अटारी या घरगुती संगणकावर एक युक्ती योजली. प्रवासाचे दोन टप्पे पाडले. प्रथम घन एका मर्यादित गटात आणावयाचा, ज्यात सुमारे 1,950 कोटी स्थिती आहेत. मग त्या गटातल्या गटात तो जुळवावयाचा. पहिल्या टप्प्यास फार तर 12 चाली लागतात, दुसऱ्यास 18. व्यवहारात एकूण चाली याहून बऱ्याच कमी होतात. लहान यंत्राने मोठ्या प्रश्नाला हात घातल्याचे इतके नेटके उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

एका विशिष्ट स्थितीला वीस चाली लागतातच, हे मायकेल रीड यांनी 1995 मध्ये सिद्ध केले. कोणत्याही स्थितीला विसांहून अधिक लागत नाहीत, हे ठरण्यास जुलै 2010 उजाडला. टोमास रोकिकी, कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथ्रिज यांनी सर्व स्थितींचे 221 कोटी गट पाडले. सममितीने एकसारखे ठरणारे व इतर अनावश्यक गट वगळता 5 कोटी 58 लाख उरले. ते तपासण्यास एका संगणकाला सुमारे 35 वर्षे लागली असती. गूगलने आपली यंत्रे दिल्यामुळे ते काम काही आठवड्यांत उरकले.