दंगल न झालेल्या गावाची गोष्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पोलीस ठाण्याच्या पायरीविषयी त्यांनी वेगळी म्हण केली नाही. तशी गरजच त्यांना भासली नसावी. वसईहून कामणमार्गे ज्या गावी जाता येते, त्या भिवंडीत मात्र काही वर्षे पोलीसच ही पायरी उतरून लोकांच्या ओसरीवर येऊन बसले.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मालक, कारागीर, सूत पुरविणारा आणि कापड घेणारा यांत हिंदू आणि मुसलमान एकमेकांशी उभ्या-आडव्या धाग्यांसारखे विणलेले. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि मे १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तपास करणाऱ्या पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट ठपका ठेवला. ज्याच्याकडे दाद मागायची तोच एका बाजूचा, ही भावना एकदा घर करून बसली की ती सहजी निघत नाही.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्लावार समित्या स्थापन केल्या; त्यांची संख्या सुमारे ७० झाली. शांतता समित्या आपल्याकडे जुन्याच आहेत. सणाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्यांना चहा पाजायचा, भाषणे ऐकायची आणि उठायचे, असे त्यांचे स्वरूप आम्हीही पाहिले आहे. खोपडे यांच्या समित्यांत हिंदू व मुसलमान सभासद समसमान होते, गुन्हेगारीचा डाग असलेल्यांना प्रवेश नव्हता आणि बैठका गाव शांत असतानाही नेमाने भरत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या त्या मोहल्ल्याची जबाबदारी खालच्या दर्जाच्या पोलिसावर सोपविलेली होती. साहेब येतात आणि बदलीवर जातात. गल्लीला ओळख लागते ती शिपायाची. हे वर्म ओळखण्यातच खोपडे यांचे मोठेपण आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या धर्मग्रामांतील लघु ख्रिस्ती समूह ज्यांनी चालविले आहेत, त्यांना नेमाने भेटण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पडली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका आहे. भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे यांची तोवर बदली झाली होती. अफवा जागच्या जागी विझविल्या त्या मोहल्ल्यांतील माणसांनी.

मुंबईने हा धडा उशिरा गिरवला. १९८४ च्या दंगलीच्या वेळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते ज्युलिओ रिबेरो, आपल्याच समाजातील एक गोवेकर. रुमानियातील राजदूतपद संपवून परतल्यावर त्यांनी सुशोभा बर्वे आणि तत्कालीन आयुक्त सतीश सहानी यांच्यासमवेत मुंबईतील मोहल्ला समित्या उभारण्यास हातभार लावला. पंजाबात दहशतवादाशी झुंजलेला, दोनदा प्राणघातक हल्ल्यातून वाचलेला हा अधिकारी निवृत्तीनंतर झोपडपट्टीत बसून नळ आणि गटारांच्या तक्रारी ऐकू लागला. काहींना ते हास्यास्पद वाटले असेल. पण ज्या पोलिसासमोर गटाराचे गाऱ्हाणे मांडता येत नाही, त्याच्यासमोर दंगलीच्या रात्री भीती कोण बोलून दाखवील? या समित्यांनी पोलीस आणि तरुण यांचे क्रिकेटचे सामनेही भरविले. समित्यांत दलाल व पुढारी शिरण्याचा धोका असतोच, आणि जिथे ते शिरले तिथे सामान्य माणूस मागे सरतो.

भिवंडीची गोष्ट मात्र १९९२ वर थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुलै २००६ मध्ये कबरस्तानालगतच्या एका जागेवरील बांधकामावरून तिथे वाद पेटला. जागा कबरस्तानाची आहे, असे मुसलमान रहिवाशांचे म्हणणे होते. ५ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन निदर्शक मरण पावले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. त्या जागेवर बांधले जात होते ते पोलीस ठाणे.